पाच एमबीची मर्यादा आणि कोयरीची किनार

सोलापुरात जानेवारीतला गड्ड्याचा, म्हणजे जत्रेचा, आठवडा होता. सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे कारखान्यात निम्मीच माणसं. सकाळी सव्वानऊला डिस्पॅचच्या ताईंचा फोन आला, "सर, लॉगिन होईना की ओ. पासवर्ड बरोबर टाकतेय, परत तेच पान येतंय." पाच मिनिटांनी डिझाइन खात्यातून तीच तक्रार, मग हिशेबखात्यातून.

कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीतला, टेरी टॉवेल आणि जेकार्ड (विणीतच नक्षी उठवलेल्या) चादरींचा. ऑर्डरी आणि तक्रारी नोंदवायची त्यांची वेब-प्रणाली मी सांभाळतो. प्रत्येक ऑर्डरला डिझाइनची फाईल, नमुन्याचे फोटो, पीओ (व्यापाऱ्याची लेखी खरेदी-ऑर्डर) आणि लेबलचं चित्र जोडायचं. तक्रार आली की माल उघडून काढलेले फोटो त्या नोंदीला लावायचे. भाड्याचा लिनक्स सर्व्हर, ८० जीबीची डिस्क, पीएचपी आणि मायएसक्यूएल, समोर एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर. तीन वर्षं बिनबोभाट चाललेलं काम.

सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर डिस्क भरली होती. लॉगिन का होत नव्हतं ते लगेच लक्षात आलं. पीएचपी प्रत्येक लॉगिनची एक छोटी सेशन फाईल डिस्कवर लिहितं. ती लिहायला जागा नसली की पासवर्ड बरोबर असूनही माणूस पुन्हा दारातच उभा राहतो. मी रूट, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून आत गेलो होतो, म्हणून माझं काम चालू होतं. ईएक्सटी-४ ही फाईलव्यवस्था सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, ८० जीबीत ती ४ जीबी होते. बाकी हिशेब असा निघाला: अटॅचमेंट, म्हणजे नोंदींना जोडलेल्या फाईली, ५८ जीबी, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, लॉग (सर्व्हर स्वतःच्या कामाची ठेवतो ती नोंदवही) सगळं मिळून १८.

घाईत मी ३ जीबीची एक जुनी लॉग फाईल उडवली, पण जागा काही मोकळी होईना. ती फाईल एनजिनएक्सने उघडी धरून ठेवली होती. लिनक्समध्ये चालू प्रोग्रामच्या हातात असलेली फाईल नावाने गेली तरी तिची जागा तो प्रोग्राम सोडेपर्यंत सुटत नाही. सेवा रीस्टार्ट केली तेव्हा कुठे ३ जीबी हाती आले, आणि साडेदहापर्यंत सगळे आत शिरले.

खरं नुकसान दुपारी कळलं. आदल्या संध्याकाळी चढवलेल्या ११ फाईल शून्य बाइटच्या होत्या. नोंदीत नाव होतं, तारीख होती, फाईल उघडली की काहीच नाही. डिस्क भरल्यावर आमच्या प्रोग्रामने रिकामी फाईल तयार केली आणि मजकूर पूर्ण लिहिला गेला की नाही हे न तपासता "जतन झाले" असा हिरवा शेरा दाखवला. हा दोष माझ्या कोडमधला. नऊ फाईल लोकांनी परत चढवल्या. उरलेले दोन फोटो हैदराबादच्या एका व्यापाऱ्याच्या मालाचे होते. ताईंनी हिरवा शेरा पाहून ते फोनमधून काढून टाकले होते. ताईंची यात काही चूक नव्हती, प्रणालीवर विश्वास ठेवला एवढंच. त्या तक्रारीत कारखान्याकडे पुरावा उरला नाही आणि मालकांनी चाळीस टॉवेल बदलून दिले.

त्याच दुपारी मी दुसरी चूक केली. डिस्क भरली म्हणजे लोक मोठमोठ्या फाईल चढवतायत, असं गृहीत धरून एका फाईलची मर्यादा ५० एमबीवरून थेट ५ एमबीवर आणली. कुणाला विचारलं नाही, काही मोजलं नाही. अशा दिवशी काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं, ते त्या आकड्याने दिलं.

आठ दिवसांनी डिझाइन खात्यातले मास्तर एक चादर हातात घेऊन ऑफिसात आले. वय साठीच्या पुढचं, घरी तेलुगू, कामावर मराठी, जेकार्डच्या कार्डांना भोकं पाडण्यापासून ते आजच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं पाहिलेले. चादर टेबलावर पसरून त्यांनी किनारीवर बोट ठेवलं. कोयरीची रांग होती. प्रत्येक कोयरीच्या कडेने बारीक ठिपके उठले होते, जणू कुणी पिठाचा हात लावला असावा. मागे उलटून पाहिलं तर तिथले बाण्याचे धागे नको तिथे सुटून लोंबत होते.

"सर, हे माझं डिझाइन न्हवं," मास्तर म्हणाले. "माझ्या फाईलीत सहा रंग आहेत. ह्यात किती आलेत बघा तुम्हीच."

सर्व्हरवर चढलेली फाईल उघडली. रंग निघाले साडेचारशेच्या वर.

जेकार्डच्या फाईलीत रंग म्हणजे डोळ्याला दिसणारा रंग नसतो, ही गोष्ट मी तीन वर्षं तिथे काम करूनही नीट समजून घेतली नव्हती. त्या फाईलीतला एक ठिपका म्हणजे एका हुकचा आणि एका पिकाचा सांधा, म्हणजे ताण्याचा धागा आणि बाण्याचा धागा जिथे भेटतात ती जागा. रंग क्रमांक १ म्हणजे एक वीण, क्रमांक २ म्हणजे दुसरी वीण. लाल, पिवळा हे फक्त मास्तरांच्या डोळ्यांच्या सोयीसाठी. म्हणून ही फाईल ८ बिटच्या बीएमपीत ठेवतात, ज्यात जास्तीत जास्त २५६ रंगांची तक्ता-यादी असते आणि प्रत्येक ठिपक्यासाठी त्या यादीतला क्रमांक लिहिलेला असतो. आकाराचं गणित सरळ आहे. २६८८ हुक गुणिले ३६०० पिकं म्हणजे ९६,७६,८०० ठिपके, एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे जवळपास ९.७ एमबी. ही फाईल ५ एमबीच्या दारातून जाणं शक्यच नव्हतं.

झालं असं की मास्तरांच्या हाताखालच्या पोराने फाईल चढवायला घेतली. पांढऱ्या पानावर इंग्रजीत ४१३ असा आकडा आणि एक ओळ आली. त्याला एवढंच उमगलं की फाईल मोठी आहे. त्याने ती जेपेग करून वाचवली, १.१ एमबी झाली, विनातक्रार चढली. मागावरच्या जॉबरने, म्हणजे माग लावणाऱ्या कारागिराने, ती उतरवून पुन्हा सहा रंगांवर आणली आणि माग सुरू केला. दोन चादरी विणून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं.

जेपेग चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारीक फरक टाकून देतं. माणसाच्या फोटोत ते खपतं. डिझाइनच्या फाईलीत मात्र लाल आणि पिवळ्याच्या सीमेवर मधल्या छटा तयार होतात. त्या छटा सहापैकी जवळच्या रंगात बसवल्या की काही ठिपके भलत्याच विणीत जाऊन पडतात. कोयरीच्या कडेचे ते ठिपके तसे आले होते. पोराने त्याच्या समजुतीप्रमाणे मार्ग काढला. तो काढायला मी भाग पाडलं होतं.

त्या संध्याकाळी मी मर्यादा ५० वर परत नेली आणि मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. डिस्कवर काय आहे ते मोजलं.

५८ जीबीत फोनने काढलेले फोटो ४१ जीबी निघाले, साधारण ११,७०० फोटो, सरासरी साडेतीन एमबीचा एक. डिझाइनच्या फाईली ६ जीबी. पीडीएफ ४. मागाच्या बिघाडाचे व्हिडिओ ३. आणि ४ जीबी अशा फाईली, ज्यांना डेटाबेसमध्ये कुणीच मालक नव्हता. मी ५ एमबीची मर्यादा लावली तेव्हा फोटो सगळेच्या सगळे त्या दारातून आरामात जात राहिले, कारण ते सुटे सुटे लहान आहेत. अडली ती डिझाइन, जी एकूण जागेच्या जेमतेम दहावा हिस्सा खात होती. एका फाईलवरची मर्यादा एकूण साठ्याला आवर घालत नाही, हे कागदावर मांडलं की शाळकरी मुलालाही कळेल. मी मांडलं नव्हतं.

फोटोंपैकी एक उघडून बराच वेळ पाहत बसलो. ४००० बाय ३००० ठिपके, ४.२ एमबी. मधोमध निळा टॉवेल आणि त्यावर उचकटलेला एक टेरीचा फास, बोटाच्या पेराएवढा. बाकी सगळी फरशी, पट्टीचा कोपरा, आणि खालच्या अंगाला कुणाच्या तरी चपलेचं टोक. त्याच तक्रारीला असेच आणखी सात फोटो. ज्यासाठी फोटो काढला तो भाग चित्राच्या विसाव्या हिस्स्यातही नव्हता.

मग फोटो किती लहान करता येईल हा प्रश्न आला. आकडा मी टेबलावर बसून ठरवला नाही. तपासणी विभागातल्या मावशी तीस वर्षं टॉवेल उलटसुलट करतायत. त्यांना स्क्रीनसमोर बसवलं आणि तोच फोटो तीन आकारांत दाखवला. लांब बाजू १२०० ठिपक्यांवर आणल्यावर त्या म्हणाल्या, "डाग हाय का फास हाय, सांगता येत न्हाई." १६०० वर त्या घुटमळल्या. २००० वर लगेच म्हणाल्या, "फास हाय, आन् शेजारचाबी ढिला हाय." शेजारचा मला मूळ फोटोतही दिसला नव्हता. आकडा २००० ठरला. त्या आकारात फोटो साधारण ७०० ते ८०० केबीचा होतो.

जुने फोटो लहान करण्याआधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढली, प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा) दोन्हीकडे ताडून पाहिला, आणि ती डिस्क मालकांच्या कपाटात ठेवली. मग शंभर फोटोंवर आधी प्रयोग केला. बरं झालं केला. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आडवाच साठवतात आणि "हा फिरवून दाखवा" अशी खूण फोटोच्याच फाईलीतल्या एक्झिफ माहितीत लिहितात. लहान करताना ती माहिती गळून गेली आणि तीसेक फोटो आडवे पडले. म्हणजे आधी फोटो प्रत्यक्ष फिरवायचा, मगच लहान करायचा. त्याच एक्झिफमध्ये फोटो कधी काढला ती वेळही असते. तक्रारीच्या वादात ती वेळच कामाची, माल पोचला त्या दिवशीचा फोटो की महिन्यानंतरचा, हे त्यावरून कळतं. ती वेळ आधी डेटाबेसमध्ये उतरवून घेतली. जीपीएसचं ठिकाण मात्र मुद्दाम टाकून दिलं, ताईंच्या घरून काढलेल्या फोटोत त्यांच्या घराचा पत्ता फिरायला नको.

हॅशमुळे आणखी एक गोष्ट उघडी पडली. ४१ पैकी ९ जीबी फोटो तंतोतंत तेच ते होते. धुण्याच्या सूचनेचं लेबल, पॅकिंगची पिशवी, व्यापाऱ्याचा शिक्का, प्रत्येक ऑर्डरला नव्याने जोडलेला. आता एका हॅशची एकच फाईल डिस्कवर राहते आणि नोंदी तिच्याकडे बोट दाखवतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून फिरून आलेलं चित्र या जाळ्यात सापडत नाही, कारण तिथे ते पुन्हा दाबलं जातं आणि हॅश बदलतो. तेवढं सोडून दिलं. एक काळजी मात्र घ्यावी लागते: एक ऑर्डर काढून टाकली म्हणून फाईल पुसायची नाही. आणखी किती नोंदी तिच्यावर अवलंबून आहेत ते मोजायचं, शून्य आलं तरच हात लावायचा.

बेवारस ४ जीबीचा उगम दोन ठिकाणी होता. लोक आधी फाईल चढवायचे, मग चहा यायचा, फॉर्म अर्धवट राहायचा. आणि ऑर्डर रद्द झाली की नोंद जायची, फाईल तशीच पडून. आता रोज रात्री अशा फाईलींची यादी निघते, त्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, तिथे ३० दिवस थांबतात आणि मग पुसल्या जातात. पहिल्या महिन्यात मी ती यादी रोज वाचत होतो. दोनदा चुकीची फाईल तिच्यात आली होती, वेळेत परत ठेवता आली.

मर्यादा आता फाईलच्या कामावरून ठरतात. फोटोच्या जागी १५ एमबीपर्यंत काहीही घ्या, लहान करायचं काम सर्व्हर करतो. नव्या आयफोनचे हीक प्रकारातले फोटोही तिथेच जेपेग होतात. पीडीएफला १० एमबी. इथे खरा उपाय स्कॅनरवर होता, तो ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) रंगीत ठेवलेला होता, २०० डीपीआय ग्रे केल्यावर चार पानांचा पीओ काहीशे केबींत बसायला लागला. डिझाइनला ४० एमबी, आणि त्या फाईलीच्या एका बाइटलाही धक्का लावायचा नाही. तिथे जेपेग चढवायला गेलं तर प्रणाली नकार देते आणि मराठीत सांगते: "ही जेपेग फाईल आहे. यात रंग बदलतात, वीण बिघडेल. मूळ बीएमपी द्या. मोठी असली तरी चालेल." ती शेवटची ओळ मास्तरांच्या पोरासाठी आहे. साठवताना बीएमपी झिप होते. सहाच रंगांचे सपाट पट्टे असल्यामुळे ९.७ एमबीची ती फाईल ६०० केबींत मावली आणि उघडल्यावर ठिपका न् ठिपका तोच.

मालकांनी माणशी कोटा ठेवण्याचं सुचवलं होतं. मी विरोध केला आणि आजही माझं मत तेच आहे. डिस्पॅचच्या ताई चार जणांच्या वतीने फाईल चढवतात. माणशी कोटा लावला की जो जास्त राबतो त्याचाच हात आधी अडतो. "मग डिस्कच मोठी घ्यायची ना," हेही ते म्हणाले, आणि तो प्रश्न रास्त होता. शेवटी १०० जीबीची वेगळी डिस्क आम्ही घेतलीच, पण अटॅचमेंट तिच्यावर हलवण्यासाठी. आता फाईलींनी ती काठोकाठ भरली तरी लॉगिन आणि डेटाबेस दुसऱ्या डिस्कवर चालू राहतात. एवढं एक पहिल्यापासून असतं तर गड्ड्यातली ती सकाळ घडलीच नसती. नुसती डिस्क वाढवून न भागण्याचं कारण बॅकअप. कारखान्याच्या लाइनवर १० एमबीपीएसने ५८ जीबी परत आणायचे तर सलग तेरा तास लागतात. तेरा तास डिस्पॅच बंद ठेवायची का, असं विचारल्यावर मालक गप्प झाले आणि मग फोटो लहान करायला त्यांनी होकार दिला.

किती काळ ठेवायचं हे मात्र मी ठरवलं नाही. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, त्यामुळे बिलं आणि पीओ त्या हिशेबाने. मिटलेल्या तक्रारींचे फोटो तीन वर्षं, हा मालकांचा निर्णय. डिझाइन कायम. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि जुनी नक्षी मागणारा व्यापारी दहा वर्षांनीही येतो असं मास्तर सांगतात.

मर्यादा बदलताना एका गोष्टीने आणखी दोन दिवस खाल्ले, ती इथे लिहून ठेवतो. आकडा एका जागी बदलून भागत नाही. एनजिनएक्सची स्वतःची मर्यादा असते, न सांगितल्यास १ एमबी. पीएचपीच्या दोन असतात, एका फाईलची मूळची २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मची ८ एमबी. त्यानंतर आपल्या प्रोग्रामची. फॉर्मची मर्यादा ओलांडली की पीएचपी फाईलीसकट फॉर्ममधला सगळा मजकूर टाकून देतं, आणि प्रोग्रामला फॉर्म कोरा आल्यासारखा वाटतो. हिशेबखात्यातला एक जण मला तीनदा म्हणाला होता, "ऑर्डर नंबर भरलाय ओ सर, तरी भरा भरा म्हणतंय." मी त्याला नीट भरायला सांगितलं होतं. तो बरोबर होता, त्याने एकदम पाच फोटो जोडले होते. आता क्रम असा ठेवलाय की प्रोग्रामची मर्यादा सगळ्यात आत, तिच्यावर पीएचपीची, तिच्यावर एनजिनएक्सची. म्हणजे अडवणारा नेहमी आपला प्रोग्राम असतो आणि निरोप मराठीत जातो. फाईलचा आकार ब्राउझरमध्ये आधीच तपासला जातो, मंद लाइनवर ३० एमबी चढवून मग नकार ऐकायची वेळ येत नाही. तरी सर्व्हरवरची तपासणी काढलेली नाही, ब्राउझरला कुणीही फसवू शकतं.

हिरवा शेराही आता वेगळ्या वेळी येतो. फाईल डिस्कवर गेल्यावर तिचा आकार पाठवलेल्या आकाराशी जुळवला जातो, जुळला तरच "जतन झाले". जागा ७५ टक्के भरली की मला आणि मालकांच्या मुलाला संदेश जातो, ८५ ला पुन्हा.

फोटो ४१ जीबीवरून साडेसातवर आले, डिझाइन १ जीबीच्या आत, आणि सगळे अटॅचमेंट मिळून १६ जीबी झाले.

मास्तरांनी एक गोष्ट मागितली होती. फाईल चढली एवढं कळून त्यांना उपयोग नाही, योग्य चढली का ते कळायला हवं. म्हणून डिझाइनच्या खाली आता एक ओळ दिसते: "रंग ६, हुक २६८८, पिकं ३६००." मार्चमध्ये कोयरीची तीच किनार पुन्हा चढवताना ते स्वतः खुर्चीत बसले. चष्मा वर करून ती ओळ बोटाने वाचली, आकडे वहीतल्या आकड्यांशी लावून पाहिले आणि पोराला तेलुगूत काहीतरी सांगून मागाकडे गेले. पेन ड्राइव्हवरची स्वतःची प्रत ते अजूनही ठेवतात. मी त्यांना ती ठेवू नका असं कधी म्हटलेलं नाही.

व्हिडिओचं काम बाकी आहे. तूर्त ३० एमबीची मर्यादा आहे आणि तक्रार मिटल्यावर ९० दिवसांनी ते जातात, पण मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे जॉबर म्हणतात की व्हिडिओ दाबला की आवाज बदलतो. पुढच्या आठवड्यात त्यांना हेडफोन लावून बसवणार आहे, मावशींना बसवलं तसंच.